रंगवलेली शिंगे

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात रंगवलेली शिंगे पाहून जो बैलाचे पैसे मोजतो, त्याची हकीकत गावाला वर्षभर पुरते. जाणता शेतकरी शिंगांकडे बघतही नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, बैलाला दहा पावले चालवतो आणि मागे उभा राहून त्याची चाल सरळ आहे ना, एवढे पाहून घेतो. भावाचे बोलणे नंतर. ते उपरण्याखाली बोटांनी व्हायचे तसे होते. मग हीच नजर त्या शेतकऱ्याचा मुलगा शहरात येऊन जुनी सायकल घेताना का वापरत नाही, हे मला कोडे आहे. सायकलीपाशी आला की तो आधी रंग पाहतो, मग घंटी वाजवतो, आणि मागितल्याच्या निम्म्याने सौदा केला म्हणून खुशीत घरी जातो.

सायकल म्हणजे तिची फ्रेम. टायर, चेन, पेडल, सीट हे सगळे अंगावरचे कपडे. झिजले की बदलावेत. फ्रेम वाकडी निघाली तर मात्र वर कितीही खर्च करा, ती सायकल जन्मभर एका अंगाने चालते. आणि हल्ली तर माणसे नुसती फ्रेमच विकत घेऊ लागली आहेत! पूर्वी चाके गेलेली सायकल भंगारवालासुद्धा नाक मुरडून घेई. आता चाके नाहीत, हँडल नाही, अशी कुठल्याशा जिन्याखाली टेकवून ठेवलेली पोलादी फ्रेम हुडकीत शिकली-सवरलेली मुले गल्लोगल्ली हिंडताना दिसतात.

याचे कारण पाहायचे असेल तर सावेडीत पहाटे साडेपाचला मनमाड रस्त्यावर येऊन उभे राहावे. प्रेमदान चौकापासून झोपडी कॅन्टीनपर्यंत डोक्याला शिरस्त्राण आणि ढुंगणावर लाल दिवा लावलेली मंडळी वाकून सायकली हाणताना दिसतील. यांच्यातल्या बहुतेकांना २०० किलोमीटरचा पल्ला मारायचा असतो. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमाप्रमाणे हा पल्ला साडेतेरा तासांत पुरा केला की पदरात नोंद पडते. (आमच्याकडचे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकावून रोज सकाळी मैलोगणती सायकल मारीत, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. असो.) साधी काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. हलकी, खाली वळलेल्या हँडलची नवी सायकल त्याच्या निम्म्या वजनाची. पण दुकानात तिची बोली तीस हजारांच्या घरात सुरू होते आणि कुठे थांबते ते विचारू नये. तेव्हा ज्याच्या पायांत जोर आहे आणि खिशात नाही, असा मुलगा जुन्या चांगल्या पोलादी फ्रेमच्या मागे लागतो. यात गैर काही नाही. उलट मला तर त्याचे कौतुक वाटते.

आमच्या शेजारचा मुलगा असाच. त्याचे नाव सांगत नाही, कारण हा अंक त्यांच्या घरीही येतो. वडील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. मुलगा कॉलेजात शिकून संध्याकाळी दोन शिकवण्या करतो. वर्षभरात त्याने आठ हजार रुपये साठवले. या आठ हजारांत फ्रेम, चाके, ब्रेक सगळे बसवायचे होते. म्हणजे चुकायला जागा नव्हती. फ्रेम फसली की पुढचे एक वर्ष पुन्हा शिकवण्या.

तो एके दिवशी फोनवर फोटो दाखवीत आला. “काका, सापडली!”

फोटोत निळीशार, आरशासारखी चकचकीत फ्रेम होती. मागणे पाच हजार. एवढी चकचकीत जुनी वस्तू दिसली की माझ्या पोटात कसेसेच होते. म्हटले, चल, पाहून येऊ.

दिल्ली दरवाजाच्या आत एका बोळात तो विक्रेता बसला होता. माणूस बोलका. आमचे नगर लष्कराचे आणि किल्ल्याचे गाव असल्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या सायकलीला एक तर कर्नलसाहेब मालक म्हणून लाभलेला असतो, नाहीतर तिचा संबंध थेट किल्ल्याशी पोचतो. ही दुसऱ्या जातीची निघाली. विक्रेता म्हणाला, “साहेब, ही साधी सायकल नाही. बेचाळीस साली नेहरू किल्ल्यात होते ना, तवा तिथल्या गोऱ्या अंमलदाराची ही सायकल. आमच्या आज्याने लिलावात घेतली.”

आता, नेहरू किल्ल्यात होते हे शंभर टक्के खरे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चअखेरपर्यंत ते तिथे स्थानबद्ध होते आणि त्यांचे गाजलेले इतिहासाचे पुस्तक तिथेच लिहिले गेले. पण फ्रेमशेजारी त्या सायकलीचे मूळ मागचे चाक ठेवलेले होते, आणि चाकाला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब होता. नॉटिंगहॅमच्या या कंपनीची एक सवय जुन्या वस्तूंच्या गिऱ्हाइकाला फार उपकारक आहे: हबाच्या अंगावर ती साल आणि महिना ठोकून ठेवी. मी रुमालाने ग्रीस पुसले. खाली ५२ आणि ७ हे आकडे दिसले. म्हणजे १९५२ चा जुलै. नेहरू तोवर पंतप्रधान होऊन पाच वर्षे झाली होती. हब मागाहून बदलता येतो, हे मान्य. पण विक्रेत्यानेच “सगळे मूळचे, हात लावलेला नाही” अशी शपथ घेतली होती. मुलगा हसला. विक्रेताही हसला. अशा गोष्टींवर भांडू नये. कथेचे पैसे द्यायचे नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

कथा खोटी म्हणून फ्रेम वाईट ठरत नाही. फ्रेमची परीक्षा वेगळी, आणि ती करायला कोणतेही महागडे हत्यार लागत नाही. सुतळीचा तुकडा, पट्टी, लहानसे लोहचुंबक आणि स्वतःची दोन बोटे, एवढे पुरते. आम्ही बरोबर घेतलेल्या मिस्त्रींनी (चाळीस वर्षे याच धंद्यात असलेला माणूस) प्रथम बोटे वापरली. हँडल ज्या उभ्या नळीत बसते, तिच्या लगेच मागे, दांडीच्या आणि तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला त्यांनी बोटे फिरवली. सायकल समोरून कशावर आदळली की सगळा धक्का इथे येतो आणि नळीला खालून सुरकुती पडते. डोळ्यांना ती दिसत नाही, रंगाखाली तर मुळीच नाही. पण बोटाला लागते. मिस्त्रींचे बोट एका जागी थांबले. त्यांनी माझे बोट धरून तिथे ठेवले. गहू दाबून धरावा एवढीच उंचवट्याची जाणीव झाली. मग त्यांनी चुंबक लावले. नळीवर सगळीकडे ते टपकन चिकटत होते. त्या जागी मात्र घसरून पडले. खाली पोलाद होते, पण मध्ये लांबी भरलेली होती, मोटारीच्या पत्र्याला भरतात तशी.

मग सुतळी. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो, तिथे सुतळीचे एक टोक बांधायचे. ती पुढे नेऊन हँडलच्या नळीवरून वळसा देऊन दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणायची आणि ताणायची. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची सुतळी सारख्या अंतरावर असली पाहिजे. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक जुन्या फ्रेमला माफ करावा. इथे एका बाजूला दोन सूत जास्त भरले, म्हणजे पाव इंच!

विक्रेता म्हणाला, “तेवढं चालतंय साहेब. रस्त्यावर कोण सुतळी लावून बघतंय?”

चालते, हे खरे. गावातल्या गावात दळण आणायला चालते. पण पोरगा ही सायकल घेऊन करंजीचा घाट उतरणार होता. उतारावर ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने जाताना पुढचा चिमटा थरथरू लागला, तर हात जोडायलासुद्धा हँडल सोडता येत नाही. समोरून मार खाल्लेल्या फ्रेमचा चिमटाही कधी ना कधी वाकून सरळ केलेला असतो. बाजूने पाहिले की ते कळते: चिमट्याचा वरचा सरळ भाग हँडलच्या नळीशी एका रेषेत असला पाहिजे आणि खालची बाकदार वेलांटी हळूहळू सुरू झाली पाहिजे. मधेच गुडघा दिसला तर पुढे बोलूच नये. आम्ही नमस्कार करून उठलो. मुलाचे तोंड एवढेसे झाले होते. पाच हजारांची ती निळाई त्याच्या मनातून जायला आठवडा लागला.

या वयाच्या मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो, की ताजा रंग दिसला तर विक्रेत्याला विचारावे, रंग का दिला? ओरखडे पडलेली, ठिकठिकाणी तांबूस झालेली, पण मूळ रंगातली फ्रेम मला रंगवलेल्या फ्रेमपेक्षा दहा पट विश्वासाची वाटते. तिने आपले सगळे अपघात अंगावर लिहून ठेवलेले असतात. वरवरच्या गंजाला भिऊ नये. तो घासला की जातो. आतून खाणारा गंज वाईट. त्यासाठी सीट काढून फ्रेम उलटी धरावी आणि हलवावी. वाळूसारखी लाल भुकटी पडू लागली तर ती तिथेच ठेवावी. सीटचा दांडा नळीत गच्च अडकलेला असेल, तर “घरी गेल्यावर तेल सोडा, निघेल” या बोलण्यावर एक पैसा देऊ नये. आधी काढून दाखवा, मग बोलू. या बाबतीत आम्ही नगरकर नशीबवान. आमच्या भागाला पाऊस हुलकावणी देतो, त्याबद्दल आम्ही जन्मभर कुरकुरतो. पण कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षांत जी नळी आतून पोखरते, ती इथे कोरड्या ओसरीवर पन्नास वर्षे शाबूत राहते. फक्त सायकल गोठ्यात बांधलेली नसावी. गोमूत्राने माणसाचे काय होते ते वैद्यांना विचारा; पोलादाचे मात्र वाटोळे होते. दूधवाल्याची सायकलही शक्यतो घेऊ नये. बिचारीची मागची पाती कॅनच्या ओझ्याने फाकलेली असतात.

आता पोलादाविषयी थोडे. सगळे पोलाद सारखे नसते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. नळी दोन्ही टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड ठेवायची आणि मध्ये पातळ करायची. बाहेरून नळी सारखीच दिसते. जाडीचा फरक सगळा आतून. ताकद हवी तिथे राहिली आणि वजन नको तिथले गेले. पुढे १९३५ साली याच कंपनीने मँगॅनीज आणि मॉलिब्डेनम घातलेले पोलाद काढले आणि त्याला ५३१ असे नाव दिले. इंग्लंडात ‘पाच-तीन-एक’ म्हटले की शर्यतीच्या सायकलवाल्याचे डोळे चमकत. इटलीत मिलानच्या कोलंबसच्या नळ्यांचा असाच लौकिक. या नळ्या लगांमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या खोबणींमध्ये, बसवून पितळेने किंवा चांदीमिश्रित डागाने जोडतात. हा जोड कमी उष्णतेवर होतो. त्यामुळे अशा फ्रेमला कुठे विजेच्या वेल्डिंगचा गोळा दिसला, तर समजावे की कुणीतरी पातळ नळी जाळून ठेवली आहे. याउलट जाणत्या कारागिराने पितळेने केलेली दुरुस्ती दिसली तर दचकू नये. पोलादाचा हाच तर मोठेपणा. ते आधी वाकते, कुरकुरते, आणि बहुधा इशारा देऊनच मोडते. थोडे वाकले तर थंडच सरळही करता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हे कौतुक नाही.

आपल्याकडच्या काळ्या सायकली साध्या, जाड पोलादाच्या. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या शर्यतीसाठी नव्हत्याच. दोन पोती आणि एक पाहुणा नेण्यासाठी होत्या. असनसोलजवळ सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, मुंबईत वरळीला हिंद सायकल, सोनिपतला अ‍ॅटलस, आणि १९५६ पासून लुधियानाला हिरो, अशी ही घराणी. त्यांतल्या हिंद आणि सेन-रॅले यांचे १९८० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे दोन्ही नावे बाजारातून गेली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता, हा योगायोग कामगारांना फारसा गोड लागला नसावा. खुद्द नॉटिंगहॅममध्येही रॅलेच्या सायकली तयार होणे २००२ पासून थांबले आहे.

ही माहिती मी मिरवण्यासाठी देत नाही. गिऱ्हाइकाला ती उपयोगी पडते. सेन-रॅलेची सायकल ‘इंग्लिश रॅले’ म्हणून खपवणारे लोक पुष्कळ. चेनव्हीलमध्ये बगळ्याची मान कोरलेली दिसली की गिऱ्हाईक भुलते. पण चेनव्हील एक कॉटर ठोकून काढले की दुसऱ्या फ्रेमला बसते. हँडलखालचा बिल्ला वाचावा, त्यावर गाव कोणते आहे ते पाहावे, आणि बिल्ल्याचे रिबीट मूळचे आहेत की नव्या स्क्रूने तो बसवला आहे तेही पाहावे. अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालायची असेल तर पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय आहे. एक दुपार तिथे काढली तर बाजारातले निम्मे खोटे घरबसल्या ओळखू येते.

निळ्या फ्रेमनंतर दोन महिने गेले. मुलाने पुण्याचा जुना बाजार दोनदा पालथा घातला. मग एक दिवस गुलमोहर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका बंगलीत शिकवणी घ्यायला गेला असताना, शेजारच्या आवारात भंगारवाल्याची गाडी उभी असलेली त्याला दिसली. गाडीवर चढवण्यासाठी जी वस्तू बाहेर काढली होती, ती पाहून तो शिकवणी सोडून धावला. भंगारवाल्याला म्हणाला, “उद्यापर्यंत थांबा.” आणि धापा टाकीत माझ्याकडे आला.

“काका, रॅले आहे. इंग्लंडची. सीटच्या नळीवर अर्धा उखडलेला हिरवट शिक्का आहे, त्यातला पाच आणि तीन वाचता येतो. एका बोटाने उचलली जाते!”

“मागणे?”

“चारशे. भंगाराच्या भावाने.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “तुम्ही फक्त बघायला चला. आजींना काही सांगू नका.”

वाचकहो, इथे मी जरा थांबलो. मुलगा लबाड नाही. आठ हजारांत चाके, ब्रेक, टायर बसवायचे म्हणजे फ्रेम चारशेला मिळणे त्याच्यासाठी वर्ष वाचण्यासारखे होते. बाजार म्हणून पाहिले तर विकणाऱ्याने आपली वस्तू ओळखायची, घेणाऱ्याने शिकवायची जबाबदारी नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. निळ्या फ्रेमवाल्याने सुरकुती लपवली म्हणून हाच मुलगा आठवडाभर चिडून होता. दोष लपवणे आणि गुण लपवणे यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. फक्त पैसा उलट्या दिशेने जातो. मी त्याला म्हटले, “अरे, मी येतो. पण ही काय वस्तू आहे ते त्यांना सांगायचे, आणि ते तू सांगायचे. मी नाही. सांगणार नसशील तर तू एकटा जा. सुतळी घेऊन जा.”

तो रागावून निघून गेला. रात्री नवाला आला आणि म्हणाला, “सकाळी येता का?”

बंगलीतल्या बाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना काकू म्हणू लागलो. यजमान इंजिनिअरिंग शिकवीत. आधी पुण्याला, मग नगरला. ते गेल्याला बारा वर्षे झाली होती. मुले बंगलोरला, घर विकायचे ठरलेले. सायकल ओसरीत ठेवली होती. मी हबावरचे ग्रीस पुसले: ५५. चुंबक टपकन चिकटले, सगळीकडे. सुतळीत फरक मिळेना. मुलगा दोनदा आवंढा गिळून म्हणाला, “आजी, एक सांगायचं होतं. ही सायकल भंगाराची नाही. ही खास पोलादाची आहे, शर्यतीच्या सायकलींना वापरायचे ते. पुण्या-मुंबईत दाखवलीत तर पुष्कळ पैसे मिळतील.”

काकूंनी चष्मा सारखा केला. “पाच-तीन-एक,” त्या म्हणाल्या. “मला काय सांगतोस बाळ? ह्यांनी पन्नास वर्षं ऐकवलं मला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मला साडी नव्हती, पण हिला नवे टायर होते.”

मुलगा आ वासून पाहू लागला. मी विचारले, “मग चारशेला भंगारात, काकू?”

“पाच हजार देणारा आला होता की,” त्या म्हणाल्या. “कुठलंसं हॉटेल काढलंय. भिंतीला टांगणार होता आणि वरनं मनीप्लांट सोडणार होता. म्हटलं, नको. वितळली तर निदान लोखंड तरी होईल. ह्यांनी बॅलार्ड पिअरला बोटीवरून ही स्वतः खांद्यावर उतरवून घेतली होती, हमालाला हात लावू दिला नाही. तिच्यावर वेल चढवायचा?” मग मुलाकडे वळून, “तू काय करणार आहेस हिचं?”

त्याने २०० किलोमीटरचे सांगितले. साडेतेरा तासांचे सांगितले. काकूंनी हिशेब विचारला, की चाकांना किती लागतील, ब्रेकना किती, तुझ्याकडे आहेत किती. तो खरे ते सांगत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, “दोन हजार दे. फुकट मिळालेली वस्तू पोरं नीट ठेवत नाहीत.” पंप, मागचे लेदरचे पाकीट आणि आतली तीन पाने त्यांनी वर घातली. हँडलला तारेने बांधलेला सायकलकराचा जुना पुण्याचा बिल्ला मात्र त्यांनी पकडीने सोडवून घेतला आणि किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवला.

सौदा इथे संपला. कटकटी इथून सुरू झाल्या. जुनी फ्रेम घेणाऱ्याने आधी चाकांचा विचार करावा, हे मी त्याला सांगत होतो त्याचे कारण आता त्याला कळले. या रॅलेचे मूळ टायर २६ गुणिले सव्वा इंचाचे. बाजारात २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांशाचे मिळतात. कोणालाही वाटेल, दोन्हीकडे २६ आहे ना? पण सव्वावाल्या रिमचा टायर जिथे बसतो तिथला व्यास ५९७ मिलिमीटर आणि दुसरीचा ५९०. सात मिलिमीटरसाठी टायर आयुष्यात चढणार नाही. २६ गुणिले दीडचा व्यास आणखी वेगळा, ५८४. आणि पोरांच्या जाड टायरच्या सायकलींनाही २६ च म्हणतात, त्यांचा ५५९! मोठ्या चाकांतही हाच घोळ: आपल्या काळ्या सायकलीचे २८ गुणिले दीड म्हणजे ६३५, जुन्या शर्यतीच्या सायकलींचे २७ गुणिले सव्वा म्हणजे ६३०, आणि आजकालचे ‘सातशे’ म्हणजे ६२२. तेव्हा इंचांवर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत हा मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा.

मिस्त्रींनी तोडगा काढला. ५९० च्या रिम घेऊन जुन्याच हबांवर चाके विणायची. मागे ४० आणि पुढे ३२ आरे हा जुना इंग्रजी हिशेब आपल्या काळ्या सायकलींनी अजून पाळला आहे, त्यामुळे तशा भोकांच्या रिम दोन दिवसांत मिळाल्या. नवी रिम साडेतीन मिलिमीटर आत येते, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकवले. मागच्या पात्यांना हात लावण्याची गरज पडली नाही. नाहीतर तोही एक खर्च असतो: पाच गिअरच्या जमान्यातल्या फ्रेमच्या मागच्या पात्यांत १२० मिलिमीटर अंतर असते, पुढच्यांत १२६, आणि हल्लीच्या रिमब्रेकच्या चाकाला लागते १३०. पोलाद असल्यामुळे पाती फाकवता येतात. पण ते काम हातोडीने करणाऱ्याच्या दारात फ्रेम नेऊ नये.

सगळे मिळून सात हजार सहाशे झाले. रंग दिला नाही. मुलाची आई म्हणाली, “अरे, निदान दिवाळीला तरी रंगव.” त्याने ऐकले नाही, याचे श्रेय मी घेतो. काकूंचे घर भाद्रपदात विकले गेले. त्या बंगलोरला जाण्याआधी हा त्यांना सायकल दाखवून आला. त्यांनी चेनला हात लावून पाहिला आणि तेल कमी आहे म्हणाल्या.

एक काम राहिले आहे. क्रँकच्या आतला उजवा कप खड्डे पडून खराब झाला आहे. मिस्त्रींनी सध्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा नवे छर्रे घालून तो परत बसवला. भिस्तबाग चौकापर्यंत जायला-यायला ठीक आहे, २०० किलोमीटरला नाही. बाजारातला कप आत जात नाही. त्याला एका इंचात २४ आटे असतात, आणि रॅलेने आपल्या बहुतेक सायकलींना २६ आट्यांचा स्वतःचाच हट्ट चालवला होता. जबरदस्तीने बसवला तर फ्रेमचेच आटे जातील. तेव्हा कुणा वाचकाच्या जुन्या दुकानात, माळ्यावरच्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला २६ आट्यांचा उजवा कप पडलेला असेल, तर त्याने या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. किंमत योग्य ती देऊ. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे मात्र पाहून कळवावे.